दोन बँड समोरासमोर

ऑरहूसला मी सात महिने होतो. ऑक्टोबरात गेलो आणि एप्रिल संपताना परत आलो, म्हणजे डेन्मार्कचा जो काही उन्हाळा म्हणतात तो मला मिळालाच नाही. काम नेहमीचंच होतं. क्लायंटची जुनी बिलिंग सिस्टिम, तिच्यातला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा आणि हलवताना काही सांडलं तर ते कुठे सांडलं हे शोधायचं. दुपारी साडेतीनला अंधार पडायचा. साडेअकराला सगळे जेवायला बसायचे, काळ्या पावावर काहीतरी थंड ठेवून ते सुरीकाट्याने खायचे.

टीममध्ये पन्नाशीचा एक टेस्टर होता. बोलायला कमी, पण जेवताना एखादाच प्रश्न नेमका विचारायचा. एकदा त्याने विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हणालो, म्युझिशियन. माझं मलाच नवल वाटलं, कारण पुण्यात हाच प्रश्न आला की गेली दहा वर्षं मी 'शेती' असं सांगतो. इंग्रजीत तो शब्द सोपा होता. त्याला कसलाच वास नव्हता.

कोणतं वाद्य, त्याने विचारलं. सॅक्सोफोन, मी म्हणालो. आल्टो.

त्याने काटा खाली ठेवला. म्हणाला, आमच्या या गावात वाढलेला एक आल्टोवाला कोल्ट्रेनबरोबर वाजवून आलाय. मग पिवळ्या चिकट कागदावर नाव लिहून माझ्या मॉनिटरला लावलं. स्पेलिंग पाहून मी 'त्चिकाई' असं काहीतरी वाचलं. तो म्हणाला, चिकाय. जॉन चिकाय. रात्री फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शिकेकाई?" त्यानंतर आमच्या घरात त्या माणसाचं नाव शिकेकाईच पडलं आणि ते अजून तसंच आहे.

*

जॉन चिकाय जन्मला कोपनहेगनमध्ये, २८ एप्रिल १९३६ रोजी. आई डॅनिश, वडील काँगोचे. वाढला ऑरहूसमध्ये. तो चार वर्षांचा व्हायला थोडे दिवस असताना जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये आल्या आणि गेल्या तेव्हा नऊ वर्षांचा झाला होता. त्या काळच्या ऑरहूसमध्ये त्याच्या रंगाची मुलं किती असतील याचा अंदाज मला आजच्या ऑरहूसमध्ये बसमध्ये चढताना यायचा. कोणी वाईट वागत नाही. फक्त शेजारची सीट शेवटी भरते.

लहानपणी तो व्हायोलिन शिकला. सोळाच्या आसपास क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन हातात आले. मग रीतसर संगीतविद्यालयात शिक्षण झालं, आधी ऑरहूसला आणि नंतर कोपनहेगनला. ही पायरी मला महत्त्वाची वाटते. त्याच्या वाजवण्याला पुढे लोकांनी नाना नावं ठेवली, पण ज्याला वाजवता येत नाही म्हणून जो मोडतोड करतो त्यातला तो नव्हता. आवडता वाजवणारा होता ली कॉनिट्झ, म्हणजे आल्टोच्या आवाजातला सगळा तुपकटपणा काढून टाकणारा माणूस. कोरडा, सरळ, थोडा थंड सूर. चिकायचा सूर त्याच वाटेने गेला आणि मग ती वाट सोडून पार रानात शिरला.

१९६२ साली दोन गोष्टी घडल्या. वॉर्साच्या जॅझ महोत्सवात त्याने वाजवलं, आणि त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला भरलेल्या जागतिक युवक महोत्सवात त्याची गाठ आर्ची शेप आणि बिल डिक्सन या दोन अमेरिकन वादकांशी पडली. त्यांनी सांगितलं, न्यूयॉर्कला ये. हा गेला. गंमत बघा, त्याच वर्षी डेक्स्टर गॉर्डन न्यूयॉर्क सोडून कोपनहेगनची वाट धरत होता. नंतर बेन वेब्स्टर आला, केनी ड्र्यू आला. अमेरिकेतल्या वागणुकीला कंटाळलेले कृष्णवर्णीय वादक डेन्मार्कला येत होते, कारण तिथे माणसासारखं जगता येत होतं आणि कामही मिळत होतं. कोपनहेगनच्या दक्षिण बंदराकडच्या नव्या वस्तीत आज त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, मी तिथून चालत गेलोय. आणि तिथलाच जन्मलेला एक सावळा पोरगा उलट्या दिशेने निघाला होता.

*

अण्णांची गोष्ट इथे सांगावी लागेल.

आम्ही वाजंत्र्यांच्या घरातले. गाव तासगाव तालुक्यात. गावच्या लग्नाला, जत्रेला, देवाच्या पालखीला सनई-सूर आमच्याकडे. आजोबा सनई वाजवायचे. त्याला कला म्हणत नसत, ते काम होतं, आणि कामाची जागा ठरलेली होती: मांडवाच्या बाहेर. अण्णा चौदाव्या वर्षी तालुक्याच्या बँडमध्ये लागले. आधी झांज, मग क्लॅरिनेट. पुढे बँडमधल्या एका म्हाताऱ्याने वाजवणं सोडलं तेव्हा त्याचा आल्टो अण्णांनी अडीच हजारांना घेतला. मेरठचा माल. बँडची जवळजवळ सगळी पितळी वाद्यं तिथूनच येतात. त्याच्या एका चावीची स्प्रिंग गेलेली होती, तिथे अण्णा रबरबँड लावायचे. रीडला ते पत्ती म्हणतात. नोटेशन वगैरे भानगड नाही. बँडमास्तर वहीत सारेगम लिहून द्यायचा, नवीन सिनेमा लागला की शुक्रवारी पाहून रविवारी वरातीत गाणं तयार. अण्णांचा देव मनोहारी सिंग. आर. डी. बर्मनच्या गाण्यात सॅक्सोफोन आला की ते हातातलं काम थांबवून ऐकायचे. कद्री गोपालनाथांची एक कॅसेटही कुठून तरी मिळवली होती. ह्याच वाद्यावर माणूस अख्खा राग वाजवतो हे त्यांना कुणाला तरी दाखवायचं असायचं, पण घरात त्यांच्याजवळ बसून ऐकणारं कुणी नव्हतं. मी तर नव्हतोच. मी अभ्यास करत होतो. अभ्यास करून मला लाल कोटापासून लांब जायचं होतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला रूममेटच्या बहिणीचं लग्न होतं. आम्ही होस्टेलची सात-आठ पोरं गेलो. संध्याकाळी वरात निघाली आणि बँड आला तो अण्णांचा. सुपारी कुणाची आहे हे त्यांना तरी कुठे माहीत असतं? लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर पिसाची टोपी. मला पाहिलं आणि त्यांनी मान किंचित खाली घातली. मी ओळख दाखवली नाही. पोरं नाचायला लागली. नागीण धून आली तसा आमच्यातल्या एकाने दहाची नोट दातात धरली आणि जमिनीवर पाठीवर पडला. रिवाज असा की वाजवणाऱ्याने वाजवत वाजवत वाकून ती नोट घ्यायची. अण्णा वाकले. त्यांच्या सॅक्सोफोनची घंटा त्या पोराच्या छातीशी गेली, एका हाताने सूर धरून त्यांनी दुसऱ्या हाताने नोट काढली. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. टाळ्या वाजवल्या नसत्या तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

महिनाअखेर मेसचे पैसे नेहमीप्रमाणे आले. त्या लग्नाबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही.

*

न्यूयॉर्कमधली चिकायची साधारण चार वर्षं. एखाद्या माणसाच्या आयुष्यात चार वर्षांत इतकं कसं मावतं ते मला समजत नाही.

१९६३ मध्ये न्यूयॉर्क कंटेम्पररी फाइव्ह. शेप टेनरवर, डॉन चेरी कॉर्नेटवर, हा आल्टोवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा संच कोपनहेगनला आला आणि मॉमार्त्र या प्रसिद्ध जॅझ क्लबात वाजवून गेला, त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. गावचा पोरगा परत आलाय, पण अमेरिकेचा पाहुणा म्हणून. १९६४ मध्ये बिल डिक्सनने मॅनहॅटनच्या एका तळघरातल्या कॅफेत चार दिवस कार्यक्रम केले, 'ऑक्टोबर रेव्होल्यूशन इन जॅझ' नावाने. क्लबवाले आणि रेकॉर्डवाले ज्यांना दारात उभं करत नव्हते अशा वादकांचा तो मेळावा. त्यातून वादकांनी स्वतःची एक संघटना काढली, जॅझ कंपोझर्स गिल्ड. सेसिल टेलर, सन रा, कार्ला ब्ले आणि हा डॅनिश माणूस एका संघटनेत. ती वर्षभरही नीट टिकली नाही. अशा संघटना टिकत नाहीत, आमच्या तालुक्यात बँडवाल्यांची झाली होती तीही एका लग्नसराईत फुटली.

माझ्यासाठी खरा चिकाय मात्र न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेटमधला. ट्रॉम्बोनवर रॉजवेल रड, ड्रमवर मिलफोर्ड ग्रेव्ह्ज, बासवर लुईस वॉरेल. पियानो नाही. पियानो नाही म्हणजे खाली जमीन धरून ठेवणारं कुणी नाही. २६ नोव्हेंबर १९६४ ला त्यांनी पहिली रेकॉर्ड केली, ईएसपी नावाच्या छोट्या कंपनीसाठी. ही कंपनी मुळात एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेच्या प्रसारासाठी निघाली होती, आणि काढली तिने सगळी बेभान जॅझ. त्या रेकॉर्डवर लेरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमिरी बराका, आपली एक कविता वाचतात. ती कविता ऐकायला सोपी नाही. गोऱ्या जगावरचा राग तिच्यात उघडा आहे. आणि तिच्या बाजूने चिकायचा आल्टो शांतपणे, जवळजवळ हळुवार चालत राहतो.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते ऑरहूसच्या बंदरावरच्या ग्रंथालयात, हेडफोन लावून, शनिवारी. पहिली दहा मिनिटं मी फक्त सम शोधत होतो. वाजंत्र्याच्या घरात वाढलेला माणूस, कितीही पळून गेला तरी पाय सम शोधतोच. सम नव्हती. ग्रेव्ह्ज ताल देत नाही, तो तालाच्या अवतीभवतीची हवा हलवतो. (हाच ग्रेव्ह्ज पुढे तबला शिकला, हे वाचून मला विनाकारण बरं वाटलं.) मी वैतागून बंद करणार होतो, एवढ्यात चिकाय काय करतोय ते लक्षात आलं. तो एक छोटं वाक्य म्हणायचा, चार-पाच सुरांचं. थांबायचा. तेच वाक्य पुन्हा म्हणायचा, फक्त एक सूर इकडचा तिकडे. पुन्हा थांबायचा. जणू समोरच्याला ऐकू गेलं की नाही याची त्याला शंका आहे आणि आवाज चढवायची त्याची तयारी नाही. रडचा ट्रॉम्बोन मध्ये येऊन त्या वाक्याची खोडी काढायचा, हा ती खोडी आपल्या वाक्यात घ्यायचा. कोण पुढे, कोण साथीला, हे ठरवताच येत नव्हतं.

तेवढ्यात एक मोठी घंटा झाली. मला वाटलं रेकॉर्डमध्येच आहे. हेडफोन काढला. त्या ग्रंथालयात छतापासून एक प्रचंड नळीसारखी घंटा टांगलेली आहे. ऑरहूसच्या हॉस्पिटलात मूल जन्मलं की आईबाप एक बटण दाबतात आणि इथे ती वाजते. वाचणारे दोन-चार लोक वर बघून हसले आणि पुन्हा वाचायला लागले. मी आजोबांचा विचार करत बसलो. बारशाला ते सनई वाजवायचे, मांडवाबाहेर.

*

चिकाय कुठला होता, हा प्रश्न त्याला दोन्हीकडे विचारला गेला असणार. डेन्मार्कमध्ये तो काळा. न्यूयॉर्कमध्ये त्याचे सोबती कृष्णवर्णीयांच्या हक्काची चळवळ वाद्यातून बोलत होते, कवी-नाटककार तिला नाव देत होते, आणि हा त्यांच्यात उभा, डॅनिश आईचा मुलगा, कॉनिट्झचा सूर घेऊन. त्यांचा इतिहास त्याच्या अंगावरून गेलेला नव्हता, पण कातडी तीच होती. मला जात आणि वंश एका मापाने मोजायचे नाहीत, ते मोजणाऱ्यांची घाई मला नेहमी संशयास्पद वाटते. मला फक्त त्याच्या उभं राहण्याची जागा ओळखीची वाटते. ज्यांच्यात तुम्ही धरले जाता त्यांच्यात तुम्ही पुरते नसता, आणि ज्यांच्यात शिकून जाऊन बसता तिथे कुणीतरी आडनाव विचारतंच.

मग २८ जून १९६५. न्यू जर्सीतला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. कोल्ट्रेन धरून अकरा जण बसले. तीन टेनर: तो स्वतः, फॅरोआ सँडर्स, शेप. दोन आल्टो: मॅरियन ब्राउन आणि चिकाय. दोन ट्रम्पेट: फ्रेडी हबर्ड, ड्यूई जॉन्सन. मॅककॉय टायनरचा पियानो, दोन बास, एल्विन जोन्सचे ड्रम. कागदावर फार काही नव्हतं. एक छोटी धून, काही सूरावळी, बाकी आळीपाळीने एकेकाने एकट्याने वाजवायचं आणि मध्ये मध्ये सगळ्यांनी एकदम. दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा चाळीस मिनिटांच्या आसपास. 'असेन्शन' नावाने १९६६ मध्ये बाजारात आलं. आधी एक खेप निघाली, मग कोल्ट्रेनच्या मनात होती ती दुसरी आहे असं ठरलं, आणि कंपनीने कव्हर न बदलता आतली तबकडी बदलली. फरक ओळखायचा तर तबकडीच्या आतल्या कडेला बारीक अक्षरात 'एडिशन टू' कोरलेलं पाहायचं. रिलीज नोट न देता प्रॉडक्शनमध्ये व्हर्जन बदलणारे लोक आमच्याच धंद्यात असतात असा माझा समज होता.

त्या दुसऱ्या खेपेत हबर्डच्या ट्रम्पेटनंतर सगळ्यांचा एकदम कल्लोळ होतो आणि त्यातून चिकाय बाहेर येतो. आधी सँडर्सने सॅक्सोफोन फाडून काढलेला असतो, कोल्ट्रेन आकाशाला भिडलेला असतो. इतक्या मोठ्या माणसांच्यात वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी उभं राहून कुणीही आणखी मोठ्याने ओरडलं असतं. हा ओरडत नाही. आपलं छोटं, कडेला कोरलेलं वाक्य म्हणतो, ते उलटसुलट करून पाहतो, आणि मागे सरकतो. मी एकोणतिसाव्या वर्षात होतो तेव्हा. स्टँडअप मीटिंगमध्ये माझी पाळी आली की मी कुणाला तरी मागे टाकायला बोलतो हे मला माहीत होतं.

*

१९६६ मध्ये तो डेन्मार्कला परत गेला. नाव झालेलं असताना, कोल्ट्रेनबरोबरची रेकॉर्ड नुकतीच निघालेली असताना. आपल्याकडे अशा माणसाला लोक विचारतात, काय झालं रे तिकडे? काहीतरी बिनसलं असणार, एरवी कोण परत येतो?

तिथे त्याने कादेन्शिया नोवा डॅनिका नावाचा मोठा संच उभा केला. २ मार्च १९६९ ला केंब्रिजमध्ये योको ओनो आणि जॉन लेनन यांच्या कार्यक्रमात तो शेवटाकडे वाजवायला आला. लेननच्या गिटारची शिट्टी, ओनोचा आवाज, आणि त्या सगळ्याला बिचकून न जाता जॉन स्टीव्हन्सचे ड्रम आणि चिकायचा सॅक्सोफोन. ते मुद्रण जगभर विकलं गेलं ते अर्थातच दुसऱ्यांच्या नावावर. सत्तरच्या दशकात त्याने मंचावरून बराचसा पाय मागे घेतला. योग, ध्यान, आणि शिकवणं. मुलांना शिकवलं, हौशी लोकांना शिकवलं, उत्स्फूर्त वाजवणाऱ्यांसाठी धड्यांचं एक पुस्तक लिहिलं. जॅझच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा काळ एका ओळीत संपतो. पुस्तकवाल्यांना न्यूयॉर्क लागतं. मला हा काळ सगळ्यात जास्त पाहावासा वाटतो. कोल्ट्रेनच्या शेजारी उभा राहिलेला माणूस शाळेतल्या पोरांसमोर उभा आहे आणि सांगतोय, तू आधी त्याचं ऐक, मग वाजव.

तो थांबला मात्र नाही. १९७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या विलिसाऊ महोत्सवात इरेन श्वाइत्झरच्या पियानोबरोबर वाजवलं. पिएर डोर्गेच्या न्यू जंगल ऑर्केस्ट्रात तो वर्षानुवर्षं होता, तिथे आफ्रिकी ताल आणि ड्यूक एलिंग्टन यांचा संसार चालतो. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्याने आल्टो बाजूला ठेवून टेनर हे मुख्य वाद्य केलं. ज्या आवाजाने जग त्याला ओळखत होतं तोच सोडून दिला. १९९० मध्ये डेन्मार्क सरकारने त्याला आजीवन मानधन दिलं. पुढच्या वर्षी तो पत्नी मार्ग्रीत नाबेर यांच्यासह कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला गेला, तिथे दहा वर्षं राहिला. १९९९ मध्ये न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट पुन्हा एकत्र बसलं. २००१ पासून दक्षिण फ्रान्समध्ये, पेर्पिन्याजवळ. जून २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या विमानतळावर त्याला मेंदूत रक्तस्राव झाला. ८ ऑक्टोबरला तो पेर्पिन्याला गेला, शहात्तर वर्षांचा होऊन.

*

एप्रिलअखेर मी पुण्यात उतरलो आणि दोन दिवसांनी गावी गेलो. मला तिकडे कायमचं ये असं विचारलं होतं. पगार चांगला होता. मी विचार करून कळवतो म्हणालो होतो.

अण्णांनी वाजवणं सोडून सहा वर्षं झालीत. आधी डॉल्बी आला. एका ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर, एक पोरगा आणि एक लॅपटॉप. वीस माणसांचा बँड कोण सांगणार? मग वरचे चार दात गेले. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवर टेकतं, कवळीवर ते नीट बसत नाही. वाद्य माळ्यावर गेलं. सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे, तिचा अर्ज आम्ही एकदा भरला. कलाकार असल्याचा पुरावा जोडायचा होता: कार्यक्रमपत्रिका, कात्रणं, फोटो. चाळीस वर्षांत अण्णा हजारो लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत आहेत, पण कडेला, आणि टोपीखाली.

दुपारी जेवणं झाल्यावर मी छोटा स्पीकर काढला. म्हणालो, अण्णा, तो शिकेकाई ऐकवू? त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी 'असेन्शन' लावलं. आधी सोपं काहीतरी लावायला हवं होतं, पण मला धीर नव्हता.

सुरुवातीचा कल्लोळ झाला तशी आई आतून म्हणाली, "काय बिघडलंय का त्याला?" अण्णा मात्र मान पुढे काढून ऐकायला लागले.

"चौकात दोन बँड समोरासमोर आले की असंच हुतं," ते म्हणाले. "ह्यो आपलं दाबतो, त्यो आपलं दाबतो."

मी हसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पर ह्यांचं भांडाण न्हाई. बघ, एकमेकाला जागा द्यायल्यात."

मला हे समजायला तीन महिने लागले होते.

कोल्ट्रेन झाला, सँडर्स झाला. सँडर्सला अण्णांनी "पत्ती कडक हाय ह्याची, दम लागंल" एवढंच म्हटलं. हबर्डचा ट्रम्पेट त्यांना आवडला. मग पुन्हा कल्लोळ, आणि मग चिकाय. अण्णांनी हात वर केला, म्हणजे मी बोलू नये. मी बोलत नव्हतोच.

"ह्योच का तुझा?"

"हो."

"कमी वाजवतो गडी," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पाहुण्यांच्या घरात बोलल्यासारखा."

मी त्याची सगळी गोष्ट सांगितली. आई गोरी, बाप काँगोचा, न्यूयॉर्क, परत येणं, पोरांना शिकवणं. सरकारने मरेपर्यंत मानधन दिलं हे ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, वाजवायचंच ना? दुसरं काम न्हाई ना? पंचेचाळिशीनंतर त्याने वाद्य बदललं म्हटल्यावर ते गप्प झाले. मग उठले आणि मला म्हणाले, "शिडी धर."

पेटीवर धूळ होती, आत उंदराने अस्तर कुरतडलं होतं. पितळ काळं पडलेलं. चाव्यांखालच्या पॅडची कातडी वाळून निघाली होती आणि त्या एका चावीवरचा रबरबँड हात लावताच तुटला. अण्णांनी फक्त तोंडाचा तुकडा काढून घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला, जुनी पत्ती जिभेवर भिजवली. कवळी काढून खिशात ठेवली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बदकासारखा एक आवाज आला आणि आई बाहेर येऊन उभी राहिली.

"हिरड्यांवर बसतंय की," ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द पसरट येत होते. "सूर न्हाई लागत. पर बसतंय."

स्पीकरवर शेप सुरू होता. मी म्हणालो, "अण्णा, त्या लग्नात, मी दुसऱ्या वर्षाला असताना..."

त्यांनी पत्ती पुन्हा तोंडात धरली होती. ती काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि स्पीकरकडे बोट केलं.

"आवाज वाढीव जरा," ते म्हणाले. "त्यो परत येतोय का बघू."